जोडप्याला कयाक कोणती द्यावी?

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, हे तुम्ही ऐकलं असेल. आता आपल्यातले काही गट कयाक घ्यायचं बोलतात. कयाक म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्यानं चालवायची चिंचोळी होडी. फिरायला येतात ती बरीचशी जोडपी. मग गटाचे पैसे डबलमध्ये घालायचे की सिंगलमध्ये?

आम्ही म्हणतो, पाच घ्यायच्या तर निदान तीन डबल. वारा सुटला की दोन सिंगल दोन दिशांना जातात, सोबतच्या बाईनं कोणाकडे बघायचं? डबलमध्ये एकाला जमत नसलं तरी तो मागे राहत नाही.

पण डबलमध्ये भांडणं फार! इंग्रजीत तिला थट्टेनं 'घटस्फोटाची होडी' म्हणतात. पुढच्यानं लय धरायची, मागच्यानं ती बघून वल्हं मारायचं आणि दिशाही सांभाळायची. लय चुकली की वल्ह्यावर वल्हं आपटतं. म्हणून आधी काठावरच बसवून "उजवं, डावं" म्हणत हात चालवून घ्यावेत. जड माणूस मागे बसवा, नाहीतर पुढचं टोक दबतं आणि होडी वळता वळत नाही. वजनात फार फरक नसेल तर मात्र "ताई, मागे बसता का?" असं जरूर विचारा. नवरा आपसूक मागची जागा धरतो आणि बायको फोटोपुरतं वल्हं हातात घेते, हे आम्हाला पटत नाही.

जिला स्वतःच चालवायची हौस आहे, तिला सिंगल द्या. ती चटकन वळते, वजन २५ किलोच्या आसपास, दोघी सहज उचलतात. डबल ३५-४० किलोपर्यंत जाते. चिखलातून ओढताना कंबर बोलते. काही डबलमध्ये मधोमध बसायचीही सोय असते, ती बघून घ्या. एकटी मागे बसली तर पुढचं टोक उचलतं आणि वारा होडी फिरवतो.

होडी कोणतीही असो, लाइफ जॅकेटचे पट्टे आपण स्वतः ओढून बघायचे, पोहणाऱ्यांचेसुद्धा. आत जायचं ते भरतीला. ओहोटीत अरुंद फाट्यात रुतलात तर पाणी चढेपर्यंत डास मोजत बसा!

आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याला होडी खाडीवर आणायला सांगा. गटातली सर्वांत जड आणि सर्वांत हलकी बाई एकत्र बसवून एक फेरी मारून बघा.