विश्लेषण : आयटीआय ते नोकरी, मधले महिने ‘लीन’ पद्धतीने वाचतील?

फिटर, वेल्डर किंवा इलेक्ट्रिशियनचं प्रशिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यासाठी परीक्षेनंतरचे काही महिने कळीचे असतात. काम लवकर मिळालं नाही, तर घर चालवण्यासाठी तो मिळेल ते काम धरतो आणि शिकलेलं कौशल्य मागे पडतं. हा काळ कमी करायला कारखान्यांतली ‘लीन’ पद्धत उपयोगी पडू शकते.

‘लीन’ म्हणजे काय?

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या टोयोटा कंपनीत अभियंते ताइची ओनो यांनी ही कार्यपद्धती घडवली. ग्राहकाच्या उपयोगी न पडणारं प्रत्येक काम म्हणजे ‘मुदा’, अर्थात अपव्यय. ओनो यांनी त्याचे ७ प्रकार सांगितले. गरजेपेक्षा जास्त उत्पादन, ताटकळणं आणि सदोष माल हे त्यांपैकी तीन. ‘लीन’ हे नाव १९८८ मध्ये जॉन क्रॅफसिक यांच्या लेखातून पुढे आलं.

आयटीआयमध्ये अपव्यय कुठे होतो?

इथे विद्यार्थी म्हणजे माल नव्हे; सुधारायची असते ती प्रक्रिया. प्रमाणपत्राची वाट पाहणं, तीच कागदपत्रं पुन्हा पुन्हा देणं, ट्रेड न पाहता सगळ्या कंपन्यांना एकच यादी पाठवणं, कंपनीत सीएनसी मशीन असताना सराव फक्त साध्या लेथवर होणं, हे सगळे अपव्ययच.

मग करायचं काय?

आधी परीक्षेपासून कामावर रुजू होईपर्यंतचे सगळे टप्पे एका तक्त्यावर मांडायचे. प्रत्यक्ष काम किती दिवसांचं आणि नुसती वाट पाहणं किती, हे प्रत्येक टप्प्यापुढे लिहायचं. त्यानंतर ‘पुल’ तत्त्व, म्हणजे मागणी आधी, पुरवठा नंतर. ही मागणी शोधणं अवघड नाही. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ आणि त्याखालील नियमांनुसार ३० किंवा त्याहून जास्त मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. परिसरातल्या अशा आस्थापनांना कोणत्या ट्रेडचे किती उमेदवार लागतील, हे संस्था परीक्षेआधीच विचारू शकते.

मर्यादा कोणत्या?

‘लीन’मुळे नव्या नोकऱ्या तयार होत नाहीत आणि पगारही वाढत नाही. शिवाय फक्त ‘किती जण रुजू झाले’ एवढंच मोजलं, तर आकडा फुगतो. सहा महिन्यांनी किती जण आपल्याच ट्रेडमध्ये टिकले, हा खरा निकष.