आच आणि उतारा

दिवाळीच्या आधी आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा. अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा करून भाता लावायचा, कोळसे फुलवायचा आणि पितळेचं पातेलं तापलं की आत नवसागराची चिमूट टाकायचा. पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, नाकात झिणझिण्या यायच्या. आई ओरडायची, "लांब उभा राहा रे!" मी आणखी जवळ सरकायचो. त्या धुराचं गुपित कळलं ते कॉलेजात गेल्यावर.

तापलेल्या पातेल्यात नवसागर फुटतो आणि त्याचे अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. वरच्या गार हवेत येताच ते पुन्हा जुळतात आणि नवसागराचेच बारीक कण होतात. तोच तो पांढरा धूर. आच लागली की फुटायचं, गारवा मिळाला की जुळायचं. अशा दोन्ही दिशांनी चालणाऱ्या अभिक्रियांना प्रतिवर्ती अभिक्रिया म्हणतात.

अशी अभिक्रिया कुठल्या दिशेला सरकेल, याचा नियम थोडक्यात सांगतो. फ्रेंच रसायनतज्ज्ञ ल शातेलिए यांनी तो १८८४ साली मांडला. समतोलाला पोचलेल्या, म्हणजे दोन्ही दिशांचा वेग सारखा झालेल्या अभिक्रियेचं तापमान वाढवलं, तर ती उष्णता शोषणाऱ्या दिशेनं सरकते. उतरवलं, तर उष्णता सोडणाऱ्या दिशेनं. वायूंवर दाब वाढवला, तर रेणूंची संख्या कमी होईल तिकडे वळते. हे सगळं पाठ्यपुस्तकात आहेच. मला बोलायचंय ते अमोनियाबद्दल.

नायट्रोजनचा एक रेणू आणि हायड्रोजनचे तीन मिळून अमोनियाचे दोन होतात आणि उष्णता बाहेर पडते. म्हणजे नियमानं ही अभिक्रिया जितकी गार ठेवावी तितका उतारा चांगला. उतारा हा शब्द मी मुद्दाम वापरतो. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, हा आपल्याकडच्या शेतकऱ्याचा रोजचा हिशेब. कोल्हापूरकडे १२ टक्के पडला की माणसं खूश होतात. अमोनियाचा हिशेब बघा. वातावरणाच्या २०० पट दाबाखाली समतोल होईपर्यंत थांबलं, तर २०० अंश सेल्सिअसला वायूच्या मिश्रणात सुमारे ८६ टक्के अमोनिया असतो. ४०० अंशांना तो ३६ टक्क्यांच्या आसपास येतो, ५०० ला १८ आणि ६०० ला जेमतेम ८.

मग २०० अंशांनाच का करत नाहीत? कारण नायट्रोजनचे दोन अणू तिहेरी बंधानं एकमेकांना घट्ट धरून असतात आणि तेवढ्या आचेला लोखंडाच्या उत्प्रेरकावरही (अभिक्रियेला वेग देणाऱ्या पदार्थावरही) ते सुटायला फार वेळ घेतात. भरघोस उतारा कागदावरच राहतो. आच वाढवावी, तर वेग येतो आणि उतारा पळतो. शेवटी किती अमोनिया साठेल हे समतोल सांगतो. तिथे कधी पोचू हे सांगत नाही.

जर्मनीत फ्रित्स हाबर यांनी या कोड्याला हात घातला. १९०४ च्या सुमारास हजारेक अंश तापमानाला, साध्या दाबाखाली त्यांना मिळालेला अमोनिया दहा हजार भागांत एखादा भाग होता. दुसरा कोणी असता तर नाद सोडला असता. १९०७ साली हाम्बुर्गला भरलेल्या वैज्ञानिक सभेत रसायनतज्ज्ञ नेर्न्स्ट यांनी हाबर यांच्या आकड्यांवर सर्वांदेखत आक्षेप घेतला. हाबर यांनी सहकारी रॉबर्ट ल रोसिन्योल यांच्यासह मोजमापं पुन्हा केली, दाब वाढवला आणि उपकरणाची मांडणीच अशी केली की थोडा उतारा पुरेसा व्हावा. शंभरात आठ-दहा भाग अमोनिया झाला, तर तेवढा गार करून द्रवरूपात काढून घ्यायचा आणि उरलेला वायू पुन्हा आत फिरवायचा. माझ्या मते सगळ्या कथेतली सर्वांत मोठी युक्ती हीच. २ जुलै १९०९ रोजी कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत ऑस्मियमच्या उत्प्रेरकावरून द्रव अमोनिया थेंबाथेंबानं गळू लागला. बीएएसएफ कंपनीच्या मिटाश यांनी हजारो चाचण्या करून स्वस्त लोखंडी उत्प्रेरक शोधला, कार्ल बॉश यांनी दाब सोसणारी भांडी घडवली आणि १९१३ साली ओपाऊचा कारखाना सुरू झाला. त्यातून खत आलं आणि पहिल्या महायुद्धात स्फोटकंही.

अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो, तेव्हा अमोनिया बनवणारी उंच भांडी बघताना मला ती कल्हईची भट्टीच आठवली. अशा भांड्यात उत्प्रेरक थराथरानं रचतात. वायू पहिल्या थरातून जाताना स्वतःच्याच उष्णतेनं तापतो, समतोल जवळ येतो आणि अभिक्रिया मंदावते. मग त्याला थोडं गार करून पुढच्या थरात सोडतात. एका फेरीत साधारण १५ ते २० टक्के अमोनिया हाती येतो. फेऱ्या चालू राहतात, म्हणून शेवटी कच्चा माल जवळजवळ सगळा सत्कारणी लागतो. तोच अमोनिया पुढे युरिया होऊन आपल्या उसाच्या सरीत पोचतो.

परीक्षेत मुलं "तापमान ४५०, दाब २००" असं पाठ करून लिहितात आणि गुण मिळवतात. तो आकडा आच आणि उतारा यांच्यातल्या तडजोडीतून आला आहे, हे कुणी सांगितलेलं नसतं. शिक्षकमित्रांनो, फळ्यावर ४५० लिहिण्याआधी एकदा वर्गाला विचारा : २०० का नको, आणि ६०० का नको? उत्तर मुलांनाच शोधू द्या.