कूड : मुंबईत वसलेली गोव्याची गावे

उपजीविकेसाठी मुंबईत आलेल्या गोव्यातील ख्रिस्ती ग्रामस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शहरात जी निवासमंडळे स्थापन केली, त्यांना 'कूड' असे म्हणतात. कोंकणीत कूड म्हणजे खोली. परंतु एका गावच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली जागा, त्या जागेचे नियम, सभासदांचा सामाईक निधी आणि गावच्या आश्रयदात्या संताची उपासना या सर्वांचा मिळून होणारा संघ, असा व्यापक अर्थ या नावाला मुंबईत प्राप्त झाला. इंग्रजी व्यवहारात या संस्था 'क्लब' म्हणून ओळखल्या गेल्या आणि बहुतेकींच्या पाटीवर गावाचे व संताचे नाव एकत्र आढळते. करमणुकीसाठी एकत्र येणाऱ्या सधनांच्या क्लबांशी त्यांचे साम्य मात्र नावापुरतेच होते, कारण कूड ही मूलतः कष्टकऱ्यांनी परस्परांच्या आधारासाठी उभारलेली बंधुसंस्था होती.

या स्थलांतरामागची कारणे गोव्याच्या अर्थव्यवस्थेत होती. शेतीयोग्य जमीन मर्यादित होती, उद्योग जवळजवळ नव्हते आणि पोर्तुगाल व ब्रिटन यांच्यात 1878 साली झालेल्या करारानंतर मिठाच्या जुन्या व्यापारालाही मोठा धक्का बसला. त्याच कराराने मोकळ्या केलेल्या रेल्वेच्या वाटेने आणि त्याआधीपासून समुद्रमार्गाने, स्वयंपाकी, बटलर, शिंपी, पाववाले, वादक आणि जहाजांवरील नोकर होऊ पाहणारे तरुण मुंबईत येऊ लागले. जहाजावर काम करणाऱ्याला कोंकणीत 'तारवटी' म्हणतात. या तारवट्याच्या नोकरीचे स्वरूपच असे होते की एका फेरीचा करार संपला म्हणजे दुसरे जहाज मिळेपर्यंत काही आठवडे किंवा महिने बंदराजवळ थांबणे त्याला भाग पडे. एवढ्या काळासाठी स्वतंत्र बिऱ्हाड करणे त्याला परवडणारे नव्हते आणि अनोळखी शहरात त्याची जामीनकी देणारेही कोणी नव्हते. कूड निर्माण झाली ती नेमक्या या गरजेतून, आणि धोबी तलाव, कावेल, माझगाव अशा बंदर व बाजारपेठेला जवळ असलेल्या वस्त्यांत ती रुजली.

कुडीची अंतर्रचना साधी असली तरी तिच्यात एक पक्का विचार दिसतो. एका मोठ्या दालनाच्या टोकाला वेदी, तिच्यावर गावच्या संताची मूर्ती किंवा तसबीर, आणि भिंतींलगत सभासदांच्या ट्रंका. ट्रंक हीच सभासदाची हक्काची जागा होय: तो समुद्रावर असतानाही ती तिथेच राही, दिवसा तिच्यावर बसणे होई आणि रात्री तिच्याजवळच्या जमिनीवर चटई पसरली जाई. महिन्याची वर्गणी अल्प असे, परंतु ती चुकवून चालत नसे. संध्याकाळी ठरल्या वेळी 'तेर्स', म्हणजे जपमाळेची सामुदायिक प्रार्थना होई आणि त्या वेळी उपस्थित असलेल्याने तिच्यात सहभागी व्हावे अशी अपेक्षा असे. दारू, भांडण आणि रात्री उशिरा परतणे यांवर अनेक कुडींत निर्बंध होते व नियमभंगासाठी दंड आकारला जाई. वर्षातून एकदा संताचे फेस्त, म्हणजे सण, साजरा होई. त्या दिवशी 'लादाईन' ही सुरावर म्हटली जाणारी स्तुतिप्रार्थना, सामुदायिक जेवण आणि सभासदांची बैठक यांमुळे गावाचा वार्षिक हिशेबही जणू पूर्ण होई.

या शिस्तीकडे केवळ धार्मिक कर्मठपणा म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. घरच्यांच्या नजरेआड गेलेल्या तरुणाची वर्तणूक, त्याची कमाई आणि त्याने गावी पाठवायचे पैसे यांवर समवयस्क व वडीलधाऱ्या गावकऱ्यांचे लक्ष राही, आणि त्याच लक्षाच्या बदल्यात त्याला आजारपणात शुश्रूषा, बेकारीत उधारी व मृत्यू आल्यास सन्मानाने दफन मिळे. सहानुभूतीवर विसंबून न राहता ती कर्तव्याच्या स्वरूपात बांधून ठेवणे, ही या संस्थेची खरी बुद्धिमत्ता होती. गावातील चर्चची दुरुस्ती किंवा शाळेची गरज अशा कामांसाठीही कुडींतून निधी जमवला जाई, त्यामुळे शहरातील मिळकतीचा एक वाटा गावच्या सार्वजनिक जीवनात परत जात असे.

कुडीच्या कल्पनेमागे गोव्याच्या 'गांवकारी'चा संस्कार स्पष्ट दिसतो. गांवकारी म्हणजे गावच्या जमिनीची सामाईक व्यवस्था पाहणारी प्राचीन ग्रामसंस्था, जिला पोर्तुगीज अमलात 'कोमुनिदाद' हे नाव मिळाले. तेथील हक्क जमिनीशी व वंशाशी जोडलेला होता. मुंबईत जमीन उरली नाही, तरी 'गावचा असणे' हा हक्काचा आधार टिकून राहिला. अर्थात त्या परंपरेतील विषमताही सोबत आली. काही गावांच्या वेगवेगळ्या जातींनी वेगवेगळ्या कुडी काढल्या, आणि आया म्हणून किंवा घरकामासाठी मुंबईत आलेल्या गोमंतकीय स्त्रियांना या बंधुभावात स्थान नव्हते. कुडींच्या मूल्यांचा गौरव करताना हा उणेपणा झाकणे अप्रामाणिक ठरेल.

अशा स्वरूपाचा आधार केवळ ख्रिस्ती गोमंतकीयांनीच शोधला असे नाही. गिरणगावात कोकण व घाटावरील कामगार गावकीच्या गाळ्यांत पाळीपाळीने झोपत आणि जत्रेची वर्गणी तेथेच ठरवीत. गोव्यातील हिंदूंनी 1919 साली मुंबईत गोवा हिंदु असोसिएशनची स्थापना केली, जिने पुढे मराठी रंगभूमीची मोठी सेवा केली. कुडींचाही रंगभूमीशी संबंध होता. कोंकणी 'तियात्र' हा संगीतमय नाट्यप्रकार 1892 साली मुंबईतच जन्मला आणि लुकाझिन रिबेरो यांच्या 'इटालियन भुरगो' या पहिल्या तियात्रानंतर त्याला जो प्रेक्षक लाभत गेला, त्यात कुडींतील नोकरदारांचा वाटा मोठा होता.

विसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत तीनशेच्या वर कुडी होत्या. 1961 साली गोवा मुक्त झाल्यावर गोव्यातच रोजगार वाढू लागला, नंतर आखाती देशांची वाट खुली झाली, आणि जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाने उरलेल्या जागांवर दडपण आणले. तरीही धोबी तलावच्या जेर महालसारख्या इमारतीत कुडी तग धरून राहिल्या व जहाजावरील नोकरीच्या प्रतीक्षेतील तरुणांना त्यांनी आसरा दिला. ज्या कुडींकडे आजही सभासदांच्या नोंदवह्या, नियमपुस्तिका आणि सभांची इतिवृत्ते शिल्लक आहेत, त्यांनी ती कागदपत्रे इमारत रिकामी होण्यापूर्वी एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा विद्यापीठाच्या स्वाधीन करावीत. मुंबई उभारणाऱ्या श्रमिकांचा इतका तपशीलवार आणि त्यांच्याच हातचा पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल.