दहावीनंतरचे गणित



दहावीची परीक्षा संपली, की प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारला जातो : "पुढे कोणते विषय घ्यायचे?" या वेळी अनेक मुले-मुली म्हणतात, "काहीही चालेल, पण गणित नको." असा निर्णय घेण्यापूर्वी अकरावी-बारावीचे गणित म्हणजे काय, ते नीट समजून घ्या.

दहावीपर्यंत आपण बीजगणित आणि भूमिती शिकतो. अकरावीत त्रिकोणमिती वाढते. वर्तुळ व शंकुच्छेद समीकरणांत मांडले जातात आणि भूमिती व बीजगणित एकमेकांना भेटतात. त्यानंतर एक अगदी नवा भाग सुरू होतो. त्याचे नाव कलन.

कलन समजण्यासाठी आपल्या पंचगंगेकडे पाहा. पावसाळ्यात कोल्हापूरकर रोज विचारतात, "राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट?" ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. समजा, सकाळी सहा वाजता पाणी ३६ फूट होते आणि दुपारी बारा वाजता ३९ फूट झाले. सहा तासांत तीन फूट, म्हणजे सरासरी तासाला अर्धा फूट. पण पाणी प्रत्येक तासाला सारखेच चढले असेल का? कदाचित सुरुवातीला हळू आणि शेवटी फार वेगाने चढले असेल. नदीकाठच्या माणसाला सरासरी नको असते. 'आत्ता, या क्षणी पाणी किती वेगाने चढत आहे?' हे त्याला हवे असते. म्हणून आपण सहा तासांऐवजी एक तास घेतो, मग एक मिनिट, मग त्याहून लहान काळ. असे करत एका क्षणाचा वेग शोधणे म्हणजे विकलन. उलट, क्षणाक्षणाचा वेग माहीत असेल, तर एकूण किती पाणी वाहून गेले हे काढणे म्हणजे संकलन. एवढीच मूळ कल्पना आहे. बाकी सारा सराव आहे.

गणिताची गोडी कशी लागते? प्रसिद्ध शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली आपल्या कोल्हापुरात झाला. त्यांचे बालपण वाराणसीत गेले. शाळेत असताना त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यांच्या घरी राहत. मामा स्वतः गणिताचे विद्यार्थी होते. ते घरातल्या फळ्यावर एक अवघड उदाहरण भाच्यासाठी आव्हान म्हणून लिहून ठेवत. भाच्याने ते सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत उदाहरण फळ्यावर राहत असे. त्यात ना गुण होते, ना परीक्षा. पुढे नारळीकर केंब्रिजला गेले आणि विश्वाच्या रचनेवर संशोधन करून जगभर नावाजले गेले. २०२५ साली त्यांचे निधन झाले. एकाच उदाहरणाशी दिवसभर झगडण्याची ती सवय तुम्हीही लावून घेऊ शकता. त्यासाठी फळा आणि खडू पुरेसा आहे.

काही जणांना वाटते, "आपण उर्दू माध्यमाचे. पुढे सगळे शब्द बदलतील, मग कसे जमेल?" ही अडचण खरी आहे, पण मोठी नाही. एका वहीत तीन रकाने करा. मसावात, समीकरण, इक्वेशन. मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल. जाविया, कोन, अँगल. रोज पाच शब्द लिहिले, तर सुट्टीतच तयारी होईल. आणि हेही लक्षात ठेवा, 'अलजब्रा' हा शब्द नवव्या शतकातील बगदादच्या अल् ख्वारिझ्मी यांच्या अरबी ग्रंथाच्या नावातून जगभर गेला. भास्कराचार्यांची 'लीलावती' अकबराच्या दरबारातील फैजी यांनी १५८७ साली फारसीत आणली. गणिताने भाषेची भिंत कधीच मानली नाही.

प्रत्येकाने गणित घेतलेच पाहिजे असे नाही. मात्र केवळ भीतीने ते सोडू नका. आज सोडलेला विषय दोन वर्षांनी पुन्हा हाती घेणे फार कठीण जाते. अभियांत्रिकी, संख्याशास्त्र, संगणक अशा अनेक वाटा गणितावरून जातात. विज्ञान शाखेतच नव्हे, तर कला आणि वाणिज्य शाखेतही हा विषय घेता येतो. मुलींनो, हे तुमच्यासाठीही तितकेच खरे आहे.

आता तुमच्या फळ्यावर एक उदाहरण. ३ आणि ५, ७ आणि ९, ११ आणि १३ अशा लागोपाठच्या दोन विषम संख्या घ्या. त्यांच्या वर्गांतील फरक काढा. तो प्रत्येक वेळी ८ ने भागला जातो. का? आठवी-नववीचे बीजगणित त्याला पुरेल. उत्तर सापडेपर्यंत फळा पुसू नका.