टपाल आणि टाळं, लेखांक ६ : न वाचता दिलेला निकाल

मागच्या आठवड्यात आपण ईमेलला टाळं कसं लागतं ते पाहिलं. पत्र लिहिणाऱ्याच्या यंत्रावर ते बंद होतं, मिळणाऱ्याच्या यंत्रावर उघडतं आणि मधल्या कंपनीच्या हाती बंद पेटीखेरीज काही राहत नाही. लेख वाचून आमच्या म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधले एक निवृत्त प्राध्यापक सकाळी कुक्करहळ्ळी तळ्याच्या काठी भेटले. म्हणाले, "कंपनीला पेटी उघडता येत नाही, छान. पण आता ती मलाही उघडता येत नाही. त्यावर कधी लिहिणार?"

सरांनी गोपनीयता जपणाऱ्या एका सेवेत नवीन खातं उघडलं आणि पहिल्याच संध्याकाळी जुन्या विद्यार्थ्यांना स्नेहमेळाव्याचं निमंत्रण पाठवलं. दीडशेच्या वर पत्ते होते. सकाळी खातं बंद! नियमभंग झाला, एवढंच लिहिलेलं. कोणता नियम, ते नाही.

"सर, सगळ्यांना एकदम पाठवलंत?"

"मग काय एकेकाला? निमंत्रण होतं हो ते!"

जन्मभर शिकवण्यात घालवलेल्या माणसावर चोरीचा आळ यावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता. मला तो बघवला नाही, म्हणून ठरवलेला विषय बाजूला ठेवून आज हेच लिहितो आहे.

पत्र वाचता येत नसेल, तर माणूस भला की भामटा हे कंपनी कशावरून ठरवते? पाकिटावरून. खातं किती जुनं, एका तासात किती पत्रं गेली, त्यातली किती पत्ता सापडला नाही म्हणून परत आली, किती जणांनी ‘स्पॅम’चं बटण दाबलं, एकाच ठिकाणाहून एका दमात किती खाती उघडली गेली. सरांच्या यादीतले कितीतरी पत्ते वीस वर्षांपूर्वीचे, केव्हाच बंद पडलेले. नवं खातं, दीडशे पत्रं आणि परत आलेल्या पत्रांचा ढीग. बाहेरून पाहणाऱ्याला भामट्याचं वागणं नेमकं असंच दिसतं. आतला मजकूर वाचला असता तर शाळकरी पोरानंही सांगितलं असतं की हे निमंत्रण आहे. पण न वाचण्याचं वचन दिलेलं आहे, आणि त्या वचनासाठीच तर सर तिथे गेले होते.

खाती बंद करणंच चूक, असं मी म्हणणार नाही. अशा सेवेचे लाखो लोक एकाच नावाच्या पत्त्यावरून पत्रं पाठवतात. त्या नावावर भामटे माजले की जीमेलसारख्या मोठ्या सेवा त्या नावाची सगळीच पत्रं अडवू लागतात आणि निरपराधांचं टपाल पोचेनासं होतं. त्याहून वाईटही घडतं, आणि ते आपल्याच राज्यात घडलं. एका डिझाइन कंपनीतल्या महिला कर्मचाऱ्यांबद्दल अश्लील मजकूर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेली बनावट चित्रं प्रोटॉन मेल या अशाच गोपनीयता जपणाऱ्या सेवेवरून पाठवली गेली. प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं. २९ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती एम. नागप्रसन्न यांनी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली प्रोटॉन मेल भारतात बंद करण्याची कार्यवाही सुरू करा, असा आदेश केंद्र सरकारला दिला. त्या महिलांच्या जागी आपल्या घरातली मुलगी उभी करून पाहा. न्यायालयाचा संताप लगेच कळतो. पण एका नराधमाचं खातं बंद होणं वेगळं, आणि त्याच्यापायी तीच सेवा वापरणाऱ्या पत्रकाराचा, वकिलाचा, आमच्या सरांचा रस्ता बंद होणं वेगळं. गुन्हेगाराचं खातं वेळेवर बंद झालं नाही, तर शेवटी साऱ्या गावाची वेस बंद करायची पाळी येते.

उलट बाजूही त्याच वर्षी दिसली. ‘फ्रॅक’ हे हॅकर मंडळींचं जुनं नियतकालिक. उत्तर कोरियाशी जोडलेल्या एका हेरगिरीची माहिती त्यात देणाऱ्या लेखकांची प्रोटॉनवरची खाती ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली. त्यांपैकी एक खातं दक्षिण कोरियातल्या संबंधितांना धोक्याची सूचना देण्यासाठी वापरलेलं होतं. एका सायबर सुरक्षा यंत्रणेनं गैरवापराचा इशारा दिला होता, म्हणून खात्यांचा एक गट बंद केला, असं प्रोटॉनचं म्हणणं. सप्टेंबरमध्ये गोष्ट चव्हाट्यावर आली, ओरड झाली, आणि मग खाती पुन्हा सुरू झाली. खात्यांतला मजकूर आम्हाला दिसत नाही, त्यामुळे योग्य कामाला फटका बसला तर ते नेहमी कळतंच असं नाही, हेही प्रोटॉननं सांगितलं. मला हे म्हणणं प्रामाणिक वाटतं. पण मग दाद ऐकणारं माणूस चव्हाट्याच्या आधी भेटायला हवं होतं. ज्याच्या पाठीशी ओरड करणारं कुणी नाही, त्यानं काय करायचं?

बँकेच्या लॉकरशी तुलना करून पाहू. आत काय आहे हे बँकेलाही माहीत नसतं. तरी रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे लॉकर फोडायचा तर आधी नोटीस द्यावी लागते. ती पोचली नाही तर दोन वर्तमानपत्रांत जाहीर सूचना, त्यापैकी एक स्थानिक भाषेतलं. मग बँकेचा अधिकारी, दोन त्रयस्थ साक्षीदार आणि चित्रीकरण. चार दागिन्यांसाठी एवढी काळजी घेतली जाते. ईमेलच्या खात्यात पेन्शनची कागदपत्रं, बँकेचे निरोप, मुलाबाळांची पत्रं असतात, आणि ते एका रात्रीत, एका शब्दावर बंद होतं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मजकूर काढण्याआधी वापरणाऱ्याला कळवा, त्याला म्हणणं मांडू द्या, अशी अट आहे. पण ती मोठ्या समाजमाध्यमांसाठी.

पैसा असेल तर न्यायालयाचं दार आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांनंतर मुंबईच्या नायरा एनर्जीचं मायक्रोसॉफ्टवरचं ईमेल बंद झालं, तेव्हा कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांतच सेवा परत मिळाली. सरांनी कुठं जायचं? खासगीपणाचा मूलभूत हक्क २०१७ मध्ये ज्यांच्या याचिकेवर मान्य झाला, ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी इथल्याच महाराजा कॉलेजात शिकले. त्या निकालानं सरकारच्या डोळ्यांपासून आपल्याला आडोसा दिला. पण कंपनीनं लावलेलं टाळं कुणी काढायचं, हा प्रश्न उरलाच आहे.

सरांना मी तीन कामं सांगितली. महिन्याला एकदा पत्रांची प्रत स्वतःच्या संगणकावर उतरवून ठेवा. बँक आणि पेन्शनसाठी दुसरा पत्ता वापरा. आणि जमल्यास स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या, म्हणजे सेवा बदलली तरी पत्ता तोच राहील. घर बदललं तरी टपाल नव्या घरी वळवता येतं, तसं. तिसरं त्यांना पटलं, पण वर्षाला पैसे भरायचे म्हटल्यावर ते जरा थांबले.

अकराव्या दिवशी खातं उघडलं. कारण तेव्हाही कळवलं गेलं नाही. स्नेहमेळाव्याची तारीख पुढे ढकलून सरांनी नवं निमंत्रण छापून घेतलं आहे, कागदावर. त्यात ईमेलच्या खाली घराचा पत्ता घातलाय, ५७०००९ या पिनकोडासकट.