निवारणाचा निधी आणि गावचा आराखडा



समितीच्या हाती येणारा निधी दोन मार्गांनी खर्च होऊ शकतो. टँकर, चारा व धान्य हा पहिला मार्ग होय. त्याने प्राण वाचतात, म्हणून तो कधीही बंद करता येत नाही. परंतु त्यावर खर्चिलेला रुपया पावसाळा लागताच संपतो. दुसरा मार्ग जमीन व पाणी यांच्या व्यवस्थेचा. तलावातील गाळ काढणे, बांधबंदिस्ती, नाल्यांवरील बंधारे, विहिरींचे पुनर्भरण ही कामे पुढल्या अवर्षणात उपयोगी पडतात. मात्र बंधारा कोणत्या नाल्यावर व्हावा, गायरानाचे काय व्हावे, हे ठरविण्याचा अधिकार समितीचा नव्हे आणि दात्याचाही नव्हे. तो कायद्याने मुख्यतः गावाच्या सभेकडे आहे. तो कसा चालतो व आपण त्यास कसे साहाय्य करू शकता, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रश्न किती निकडीचा आहे हे लातूरकरांस सांगणे नको. मांजरा धरण कोरडे पडल्यावर मार्च २०१६ मध्ये शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली. तिच्या १० डब्यांत ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० डब्यांच्या गाडीने एका खेपेस २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. आता साधा हिशेब पाहा. एक हेक्टर जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० लाख लिटर पाणी पडले. म्हणजे ५० डब्यांची ती गाडी अडीच हेक्टरांवरील एवढ्याच पावसाइतकी होती! उलट पाटाने भिजविलेल्या उसास हंगामभर सुमारे २००० मिलिमीटर पाणी धरले, तर एका हेक्टर उसामागे अशा आठ गाड्या रित्या होतात. ऊस लावणे हा काही अपराध नव्हे. पण हा हिशेब गावाने एकत्र बसून केला पाहिजे, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

कायद्याची स्थिती अशी आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली, अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविण्याजोगे २९ विषय नमूद केले. जमीनसुधारणा, मृदसंधारण, लघुपाटबंधारे, पाणलोट विकास व पिण्याचे पाणी हे त्यांत आहेत. महाराष्ट्रात १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम चालतो. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीतील सर्व मतदार. शंभर एकरांचा धनी व भूमिहीन मजूर यांचे मत तेथे सारखेच. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते, आणि नियमित ग्रामसभेपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा भरवावी लागते.

भूजलाविषयी २००९ चा स्वतंत्र अधिनियम असून तो २०१४ मध्ये लागू झाला. त्यात ६० मीटरांहून खोल गेलेली विहीर ही ‘खोल विहीर’ मानली आहे, आणि अधिसूचित क्षेत्रात भूजलवापराची व पीकरचनेची योजना करण्याची तरतूद आहे. अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातील ज्या १३ जिल्ह्यांची निवड झाली त्यांत लातूर होते, आणि तीत गावाने स्वतःचा जलसुरक्षा आराखडा करावा अशी अपेक्षा होती. नांदेड जिल्ह्यातील किनवटकडील अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेस याहूनही अधिक मान आहे. १९९६ च्या कायद्याप्रमाणे तेथील विकासाच्या योजना अमलात आणण्यापूर्वी ग्रामसभेची मान्यता घ्यावी लागते.

शहराचा मार्ग वेगळा. तेथे १९६६ च्या नगररचना अधिनियमाखाली प्रारूप विकास योजना प्रसिद्ध होते, नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात, नियोजन समिती त्यांची सुनावणी करते, आणि अखेर शासन मंजुरी देते. नाल्याचा काठ वा जुना तलाव बांधकामाखाली जात असेल, तर हरकत मुदतीत व लेखी द्यावी. बाजारपेठेतील तोंडी कुरबुरीची नोंद कोणी घेत नाही.

आता तपासणी कशी करावी? प्रथम शिवारफेरी काढावी. नकाशावरील नाला प्रत्यक्षात कोठून वाहतो हे गुराख्यास तलाठ्याहून अधिक ठाऊक असते. मग पाण्याचा ताळेबंद मांडावा: पाऊस किती, अडला किती, माणसांस व जनावरांस किती लागेल, आणि उरल्या पाण्यात कोणते पीक बसेल. त्यानंतर प्रत्येक कामाविषयी तीन प्रश्न विचारावेत. लाभ कोणाचा? जमीन कोणाची? पुढील दुरुस्ती कोण करणार? यांची उत्तरे ठरावात लिहिली गेली पाहिजेत. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील हिवरे बाजारने याच रीतीने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरविली, आणि शेतीसाठी कूपनलिका घेण्यास मनाई केली. ही मनाई टिकली, कारण ती बाहेरून लादलेली नसून गावाने स्वतः स्वीकारलेली होती.

गायरानाविषयी विशेष सावधगिरी हवी. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे निर्देश दिले. पण शासनाच्या धोरणानुसार भूमिहीनांस दिलेल्या पट्ट्यांसारखे अपवादही त्यात मान्य केले. मराठवाड्यात गायराने कसून पोट भरणारी भूमिहीन कुटुंबे पुष्कळ आहेत. अशा जागी चराई वा वृक्षलागवड सुचविणारा आराखडा त्या कुटुंबांस न विचारता मंजूर झाला, तर दुष्काळ निवारणाच्या नावाने नवी उपासमार ओढवेल.

या व्यवस्थेतील उणिवाही झाकून ठेवणे योग्य नव्हे. पुष्कळ ठिकाणी सभा कागदावरच भरते, सह्या मागाहून घेतल्या जातात, आणि आराखडा चारचौघांच्या बैठकीत तयार होतो. मोठे खातेदार सभेकडे फिरकत नाहीत, आणि मजूर आले तरी बोलत नाहीत. असा ठराव वादात टिकत नाही, आणि त्यावर उभारलेला बंधाराही लवकरच कोणाचाच राहत नाही.

म्हणून समितीचा परिपाठ असा आहे की, टँकर, चारा व धान्य यांस कोणतीही अट घालू नये. मात्र कायमच्या कामास पैसा देण्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव, उपस्थितीची नोंद व पाण्याचा ताळेबंद पाहावा. आपणांसही आमची तीन मागणी आहेत. व्यापारीबंधूंनी निधी द्यावा, व ज्या कामास तो दिला त्याचा ठराव मागून वाचावा. जमीनधारकांनी आपल्या गावच्या सभेस स्वतः जावे, आपल्या विहिरींची खोली व उसाचे क्षेत्र न लपविता सांगावे. मोठ्याने खरे सांगितले म्हणजे लहानासही धीर येतो. आणि सर्वांनी दुष्काळ नसलेल्या वर्षीही हा निधी चालू ठेवावा, कारण आराखडा तपासण्याची खरी वेळ विहिरींना पाणी असते तेव्हाचीच असते.