घट्ट ऑइलचा हट्ट

चिंचोळी एमआयडीसीत कारखान्यापुढची हिरवळ राखण्याचे काम ज्यांच्याकडे आहे, त्या माळ्यांपासून देखभाल विभागाच्या साहेबांपर्यंत एका बाबतीत विलक्षण एकमत आढळते. मार्च उलटून सोलापूरचा पारा चाळिशीकडे सरकू लागला, की गवत कापायच्या मशीनमधले ‘पातळ’ ऑइल काढून टाकावे आणि दुकानात मिळेल तितके ‘घट्ट’, शक्यतो २०डब्ल्यू-५०, त्यात भरावे. कारण म्हणे १०डब्ल्यू-३० हे थंड मुलखातले तेल, आपल्या उन्हात त्याचे पाणी होते आणि इंजिन जाम होते. हा सिद्धांत इतक्या तोंडांतून आणि इतक्या ठामपणे ऐकावा लागतो, की तो कोणत्या दस्तऐवजात नमूद आहे हे विचारण्याचीही सोय उरत नाही. ज्या वसाहतीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखा कारखाना मोटारींच्या इंजिनांसाठी कॅमशाफ्ट घडवतो, तेथेच हे चालावे, याचा विषाद वाटतो.

घोटाळ्याचे मूळ डब्यावरील अंकांत आहे. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने तेलाच्या घट्टपणाची वर्गवारी प्रथम १९११ मध्ये केली आणि आज ती जे३०० या मानकात दिलेली आहे. त्या मानकातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर, पुष्कळांना वाटते तसे वजनाचे नसून हिवाळ्याचे आहे, आणि त्याच्या आधीचा अंक कडाक्याच्या थंडीत इंजिन फिरवताना तेल किती आडवे येते एवढेच सांगतो. १०डब्ल्यूची ही परीक्षा उणे २५ अंश सेल्सिअसला घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. ज्या गावात हिवाळ्याचा कडाका म्हणजे फार तर डब्यातले खोबरेल गोठणे, तेथे या अंकावरून उन्हाळ्याचे निर्णय करणे म्हणजे भलत्याच खटल्यातली साक्ष काढणे होय.

आपल्या कामाचा अंक मागचा. तेल १०० अंशांपर्यंत तापले असता त्याचा घट्टपणा किती उरतो, हे तो दर्शवतो: ३० या श्रेणीसाठी ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० साठी १२.५ ते १६.३, आणि ५० साठी १६.३ ते २१.९. म्हणजे तापलेल्या इंजिनात १०डब्ल्यू-३० आणि साधे एसएई ३० एकाच पट्ट्यात येतात, आणि ज्याला पाणी म्हणून हिणवले जाते ते तेल त्या तापमानात जितके पातळ असावे अशी अपेक्षा धरून इंजिन बनवले, तितकेच पातळ असते. तापल्यावर पातळ होणे हा सर्वच तेलांचा धर्म आहे, २०डब्ल्यू-५०चासुद्धा.

आता घट्ट तेलाने बिघडते काय? गवत कापायच्या मशीनच्या, म्हणजे मोअरच्या, बहुतेक लहान इंजिनांत तेलाचा पंप नसतो. कनेक्टिंग रॉडच्या टोकाशी असलेला एक छोटा चमचा किंवा कॅमच्या दात्यांवर फिरणारे चक्र तळातले तेल उडवते, आणि त्या शिंतोड्यांवरच बेअरिंग, सिलिंडर आणि कॅम यांचा निर्वाह चालतो. सकाळी इंजिन सुरू करताना तेल जितके दाट, तितके ते उडण्यास आणि अरुंद फटींत शिरण्यास आळशी. शिवाय ते घुसळण्यात इंजिनाची शक्ती खर्ची पडते आणि तिची उष्णताच होते. थंडाव्यासाठी योजलेला उपाय अशा रीतीने उलट फिरतो. काही मोठ्या, दिवसभर राबणाऱ्या व्यावसायिक इंजिनांसाठी कंपनी स्वतःच सिंथेटिक १५डब्ल्यू-५० सुचवते. तेथे अवश्य तेच घालावे. माझी तक्रार, कंपनीचे माहितीपुस्तक न उघडता केलेल्या घट्टपणाच्या भक्तीविषयी आहे.

या समजुतीत सत्याचा एक कण आहे, आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या इंजिने बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकांतील प्रचलित तक्त्यात ४ अंशांच्या वरील हवेसाठी एसएई ३० सांगितले आहे; १०डब्ल्यू-३० ला सुमारे ३८ अंशांपर्यंत मुभा आहे, परंतु २७ अंशांच्या वर इंजिन ऑइल अधिक खाईल, सबब पातळी वारंवार पाहावी, अशी टीप जोडलेली आहे. १०डब्ल्यू-३० सारख्या बहुश्रेणी तेलाचा पाया मुळात हलका असतो आणि उष्णतेतला घट्टपणा त्याला पॉलिमर मिसळून आणलेला असतो; हलका भाग उडून जातो आणि पॉलिमरचे धागे घर्षणाने तुटतात. सिंथेटिक ५डब्ल्यू-३०, अंक दिसायला आणखी लहान असूनही, त्याच तक्त्यात ४९ अंशांपर्यंत चालते. होंडाची शिफारस सर्वसाधारण वापरासाठी १०डब्ल्यू-३० ची आहे. तेव्हा सोलापूरच्या उन्हाळ्यात ज्या इंजिनाचे पुस्तक परवानगी देते त्यात साधे एसएई ३० घालावे, नसेल तर पुस्तकातले तेल घालून रोज ऑइलच्या पातळीची काडी पाहावी. आणि भर दुपारी ४३ अंशांत माळ्याला यंत्रामागे उभे करण्याचा शिरस्ता बंद करून सकाळी सहालाच काम उरकण्याची तजवीज करावी, ज्यात इंजिनाइतकेच माणसाचेही हित आहे.

उन्हाळ्यात इंजिने खरोखर मरतात ती निराळ्याच कारणांनी. सिलिंडरभोवतीच्या पातळ पात्यांमध्ये बोट घालून पाहा: वाळलेले गवत, धूळ आणि ऑइल यांची काळी पापडी तेथे जमलेली असते, आणि वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाचा वाराच तिने अडवलेला असतो. त्यात एअर फिल्टर धुळीने भरलेला आणि ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. अशा इंजिनात कोणत्याही अंकाचे तेल ओता, फरक पडत नाही.

किरकोळ समजुतींचा निकाल थोडक्यात लावता येईल. ऑइल काळे झाले म्हणजे वाया गेले असे नाही, ते मळ धरून ठेवते आहे. बदल तासांच्या हिशेबाने करावा. ‘थोडे जास्तच घाला’ हा सल्ला निळा धूर आणि तेलकट एअर फिल्टर देतो. काडी कोठे आटे लावून पाहायची, कोठे नुसती टेकवून, हे कंपनीगणिक बदलते. मोटारसायकलचे तेल तिच्या ओल्या क्लचसाठी बनवलेले असते. मोअरला तसा क्लचच नाही. टू-टी ऑइल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे आहे, फोर-स्ट्रोकच्या तळात ओतण्याचे नव्हे. खांद्यावरच्या फोर-स्ट्रोक ग्रास कटरची गोष्ट आणखी नाजूक: होंडाच्या जीएक्स३५ इंजिनात अवघे १०० मिलिलिटर तेल मावते, तेव्हा ‘जरासे कमी’ म्हणजे पुष्कळच कमी.

काढलेले जुने ऑइल कुंपणाच्या मुळाशी ओतल्याने वाळवी जाते, ही समजूत तर कारखान्यास महागात पडू शकते. कारण वापरलेले तेल धोकादायक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांतील पहिल्याच अनुसूचीत येते आणि ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावे लागते.

पुस्तिका दप्तरातून गहाळ झाली असेल, तर दुकानदाराच्या अंदाजावर इतबार ठेवू नका. इंजिनावरील मॉडेल क्रमांक कापडाने पुसून लिहून घ्या, त्यावरून कंपनीची शिफारस पाहा आणि मगच ऑइल मागा.